आधी रस्ते आखा, मग मजले मोजा

पुनर्विकासाची जाहीर सुनावणी कुठल्याही शहरात असो, तिचा क्रम सहसा ठरलेला असतो. आधी इमारतींची रंगीत चित्रं, मग मजले किती, घरं किती, झाडं किती. सर्वांत शेवटी, सभागृहातली निम्मी माणसं उठून गेल्यावर, रस्ते. तेही एका वाहतूक अहवालाच्या रूपात. गर्दीच्या तासाला प्रकल्पातून इतकी वाहनं बाहेर पडतील, शेजारच्या चौकावर इतका ताण येईल, सबब सिग्नलची वेळ बदलावी आणि वळणाऱ्या गाड्यांसाठी एक मार्गिका वाढवावी. अहवाल दाखल होतो, शेरा पडतो, विषय संपतो.

यात क्रम तर उलटा आहेच, पण विचारलेला प्रश्नही भलता आहे. बंद पडलेली गिरणी, जुनी गोदी, रेल्वेचं यार्ड, रिकामी झालेली छावणी किंवा मोडकळीला आलेली वसाहत नव्याने बांधायला निघते तेव्हा स्थानिक संस्थेने पहिल्यांदा विचारायला हवं ते हे की, या जागेतून आरपार कोणाला जाता येईल? त्याच्या उत्तराच्या रेघा नकाशावर पक्क्या होईपर्यंत किती चौरस मीटर बांधता येतील याची बोलणीच सुरू होऊ नयेत. रस्त्यांची आखणी हे स्थानिक संस्थेचं काम आहे. विकासकाने ती करून आणायची आणि संस्थेने तपासायची, अशी वाटणी मला मान्य नाही.

अशा जागा मोठ्या असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या बंद असतात. भोवतालच्या वस्तीला वळसा घालून जायची इतकी सवय झालेली असते की तो वळसा आहे हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. साधं गणित करून पाहू. 400 मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी एक बंदिस्त जागा आहे. एका बाजूच्या मध्यावर घर, समोरच्या बाजूच्या मध्यावर शाळा. मधून वाट असती तर अंतर 400 मीटर, म्हणजे पाच-सहा मिनिटांची चाल. वाट नसली तर भिंतीकडेने 800 मीटर. पाच मिनिटांवरची शाळा दहा-अकरा मिनिटांवर जाते, आणि तीही बहुधा मोठ्या रस्त्याच्या कडेने. मग आईबाप मुलाला गाडीवरून सोडू लागतात. ती गाडी पुढच्या वाहतूक अहवालात 'वाढती मागणी' म्हणून मोजली जाते आणि तिच्यासाठी रस्ता रुंद करण्याची शिफारस होते. मुळात हवी होती ती एक वाट, आणि तिचा त्या अहवालात रकानाच नाही.

अहवाल लिहिणारे लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देतात. पण ज्या कोष्टकांवरून 'इतक्या घरांमागे इतक्या फेऱ्या' असे आकडे येतात, ती कोष्टकं कुठे मोजली गेली हे पाहावं. अमेरिकेत अनेक दशकं वापरली गेलेली अशी कोष्टकं बव्हंशी उपनगरांतल्या, फुकट पार्किंग असलेल्या आणि बस जवळपास न फिरकणाऱ्या जागांवरून तयार झाली होती. तोच आकडा शहराच्या मध्यभागातल्या जागेला लावला की रस्ता रुंद निघतो, कोपरे मोठे निघतात, आणि मग तिथे खरोखरच गाडीशिवाय चालत नाही. 2011 साली जिल्स ड्युरान्टन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवून दिलं की महामार्गाच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढतो. गर्दीचं उत्तर म्हणून रुंदी देत राहिलं की गर्दी तिथेच राहते, फक्त अधिक मार्गिकांत पसरून.

रुंदीबद्दल निदान वाद तरी होतात. कोपऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. कोपरा म्हणजे दोन रस्ते मिळतात तिथला फूटपाथच्या कडेचा गोलवा. नकाशावर त्याच्या शेजारी बारीक अक्षरात त्रिज्या लिहिलेली असते. 7 मीटर रुंदीचा एक बाजूचा रस्ता घ्या. मुख्य रस्त्याच्या फूटपाथवरून, कडेपासून एक मीटर आतून, एक माणूस नाकासमोर चालत येतो आणि त्याला हा बाजूचा रस्ता ओलांडायचा आहे. दोन्ही कोपऱ्यांची त्रिज्या 3 मीटर असेल तर त्याला उघड्या डांबरावरून सुमारे साडेआठ मीटर चालावं लागतं. त्रिज्या 10 मीटर केली की तेच अंतर 18 मीटरच्या वर जातं. रस्ता तोच, रुंदीही तीच. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या कोपऱ्यावर दहा-अकरा सेकंद पुरतात, दुसऱ्यावर तेवीसच्या आसपास लागतात. शिवाय मोठ्या गोलव्यावर गाडी वेग न मोडता वळते, म्हणजे ओलांडणारा जास्त वेळ रस्त्यात आणि गाडीही जास्त वेगात. हा आकडा कोणी ठरवला म्हणून विचारलं तर उत्तर येतं, अग्निशमनाची गाडी आणि कचऱ्याचा ट्रक. त्या वाहनांना वळायला जागा हवीच, यात वाद नाही. पण अरुंद गल्लीत ती वाहनं समोरची मार्गिका वापरून वळू शकतात, कडेला चढता येईल असा उतार ठेवता येतो, लहान गाड्या घेता येतात. दिवसातून एकदा येणाऱ्या ट्रकसाठी दिवसभर चालणाऱ्यांचं अंतर दुप्पट करायचं की नाही, हा निर्णय निव्वळ तांत्रिक नाही. तो सभागृहात, नगरसेवकांसमोर व्हायला हवा. प्रत्यक्षात तो संगणकावर आराखडा काढणाऱ्याच्या ठरीव मापात होऊन गेलेला असतो.

रस्त्यांचा आग्रह आधी का धरायचा याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चुकलेली इमारत पन्नास-साठ वर्षांत पडते, रस्त्याची रेघ मात्र शतकानुशतकं हलत नाही. 1666 च्या आगीत लंडनचा गाभा जळाला. काही दिवसांतच वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने सरळ, रुंद हमरस्त्यांचा आराखडा राजापुढे ठेवला. तो बाजूला पडला, कारण राख झालेल्या घरांखालच्या जमिनीची मालकी राख झालेली नव्हती. प्रत्येकाला आपलाच तुकडा परत हवा होता आणि अदलाबदल करायला ना वेळ होता ना यंत्रणा. शेवटी बहुतेक रस्ते जुन्याच रेघांवर, थोडे रुंद होऊन, उभे राहिले. 1667 च्या कायद्याने कोळशावर कर बसवला आणि रुंदीकरणात गेलेल्या जमिनीची भरपाई त्यातून दिली. भव्य आराखड्यांची चित्रं आजही छापली जातात, पण शहराला उपयोगी पडला तो कोळशाचा कर.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. 1960 च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी 16 एकरांचा एकच अखंड चौरस करण्यात आला. रेडिओ रो नावाने ओळखला जाणारा विजेच्या सामानाचा बाजार उठवला आणि ग्रीनिच, फुल्टन, डे, कॉर्टलँड या रस्त्यांचे तिथले भाग बंद केले. त्या मनोऱ्यांबद्दल कोणाचं काहीही मत असो, खालचं मोठं अंगण भोवतालच्या शहरापासून तुटलेलं आहे ही तक्रार पुढे सतत होत राहिली. 2001 च्या हल्ल्यानंतर ती जागा पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा स्मारक, मनोरे, भाडेपट्टा, विमा या सगळ्यांवर कडाक्याची भांडणं झाली. तरीही ग्रीनिच आणि फुल्टन रस्ते जागेतून पुन्हा आरपार न्यायचे, हे वास्तुविशारद डॅनियल लिबेस्किंडच्या आराखड्यात आलं आणि टिकलं. आज तिथे सुरक्षेपोटी वाहनांवर बरीच बंधनं आहेत, पण पायी माणूस जुन्या रेघेवरून चालत जातो. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी बंद केलेला रस्ता उघडायला एवढं मोठं संकट यावं लागलं. एरवी एकदा इमारतीखाली गेलेला रस्ता परत मिळत नाही, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

त्या जागेच्या पश्चिमेला, हडसन नदीत भर घालून केलेल्या 92 एकरांवर बॅटरी पार्क सिटी आहे. 1969 च्या पहिल्या आराखड्यात तिथे एकमेकांना जोडलेली अवाढव्य संकुलं होती. पुरता प्रकल्प एकाच विकासकाने, एकाच धडाक्यात बांधावा असं ते रूप होतं, आणि पैसा आटल्यावर ते जागच्या जागी थांबलं. 1979 साली अलेक्झांडर कूपर आणि स्टॅन्टन एकस्टट या वास्तुविशारदांनी उलट बाजूने सुरुवात केली. शेजारच्या मॅनहॅटनचे रस्ते भरावावर पुढे वाढवले, त्यांच्यामध्ये बेताचे भूखंड पाडले आणि ते वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वेळी दिले. मंदी आली तर एखादा भूखंड रिकामा राही, पण प्रकल्प बंद पडत नसे. रस्ते आधी ठरवले तर लवचीकता जाते, असं विकासक नेहमी सांगतात. इथे तर पक्क्या रस्त्यांनीच लवचीकता दिली. मात्र ही जोडणी पुरी झाली असंही नाही. मध्ये वेस्ट स्ट्रीट हा रुंद रस्ता आडवा आहे आणि तो ओलांडणं आजही सुखाचं नाही. जागेच्या आतला आराखडा कितीही चांगला असला तरी हद्दीवरचा रस्ता दुसऱ्या खात्याकडे असेल तर असंच होतं.

इमारती आधी आणि रस्ते मागाहून, याची किंमत पाहायची तर लंडनच्या गोद्यांकडे जावं. 1981 साली सरकारने तिथे एक विकास महामंडळ नेमलं आणि स्थानिक परगण्यांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे दिले. आयल ऑफ डॉग्जच्या काही भागात तर बांधकामाला नेहमीची परवानगीही लागेनाशी झाली. बाजार ठरवील तसं होऊ द्यावं, असा त्या काळचा सूर होता. 1987 ला एक हलकी रेल्वे आली, तिच्या शेजारी कॅनरी व्हार्फचे मनोरे चढू लागले, आणि मग ध्यानात आलं की इतकी माणसं इथे येणार कशी याचा हिशेब कोणी केलेलाच नाही. लाइमहाउस लिंक हा जेमतेम 1.8 किलोमीटरचा बोगदा 1993 ला उघडला. त्यासाठी शेकडो घरं पाडावी लागली आणि अंतरामागे ब्रिटनमधला सर्वांत महागडा रस्ता अशी त्याची ख्याती झाली. तोवर कॅनरी व्हार्फचा मूळ विकासक दिवाळखोरीत गेला होता. ज्युबिली मार्गाची भुयारी रेल्वे तर 1999 ला पोचली. आज तो भाग गजबजलेला आहे, हे खरं. पण रेघा 1981 ला आखल्या असत्या तर त्या मोकळ्या जमिनीवरून गेल्या असत्या.

मालकीचा प्रश्न मी जाणूनबुजून वेगळा काढतो, कारण चांगल्या आराखड्यांतही तो निसटतो. लंडनच्याच किंग्ज क्रॉस स्थानकामागची 67 एकर जागा हा अलीकडचा गाजलेला पुनर्विकास. कॅम्डेन परगण्याने 2006 ला त्याला रूपरेषेपुरती परवानगी दिली. वीस नवे रस्ते, मैदानं, चौक, कालव्याकाठच्या पायऱ्या असं सगळं तिथे झालं, आणि ते छान झालं आहे. चालायला जागा आहे, कुंपण नाही. पण जागेची व्यवस्था खासगी आहे. 2019 ला उघडकीस आलं की तिथल्या काही कॅमेऱ्यांमधून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ओळखण्याचं तंत्र काही काळ वापरलं गेलं होतं. लोकांना वाटत होतं आपण रस्त्यावर आहोत, आणि कागदोपत्री ते कोणाच्या तरी आवारात होते. फेरीवाल्याने बसावं की नाही, मोर्चा निघावा की नाही, रात्री अकरानंतर वाट उघडी राहावी की नाही, हे आवारात मालक ठरवतो आणि रस्त्यावर कायदा. म्हणून आरपार जाणारे रस्ते स्थानिक संस्थेच्या ताब्यात आणि तिच्या देखभालीखाली यायला हवेत. देखभालीचा खर्च वाचतो म्हणून संस्था ते विकासकाकडे ठेवायला खुशीने तयार होतात, ही खरी अडचण आहे. दिवे, झाडलोट आणि डांबर यांचे काही वर्षांचे पैसे वाचवून कायमचा हक्क सोडून द्यायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

आरपार रस्त्यांना सर्वांत कडवा विरोध बहुधा शेजाऱ्यांचाच असतो. आमच्या शांत गल्लीतून सगळ्या गावाच्या गाड्या जातील, ही भीती खोटी नाही. पण माणसाची वाट आणि गाडीची वाट एकच असली पाहिजे असं कुठे आहे? जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच सैन्याने 1992 ला सोडलेल्या छावणीच्या जागी वाउबान ही वस्ती उभी राहिली. तिथे पायी आणि सायकलने सगळीकडून आत-बाहेर करता येतं. गाड्या कडेच्या बहुमजली पार्किंगमध्ये राहतात, बहुतेक गल्ल्यांत सामान उतरवण्यापुरत्याच येतात, आणि 2006 पासून मधून ट्राम जाते. चार खांब रोवले की गल्ली गाडीला बंद आणि माणसाला उघडी होते. हे खांब कुठे रोवायचे याची बोलणी शेजाऱ्यांशी आधीच करावी. रस्ता झाल्यावर केली तर ती आंदोलनातच होतात.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. इथे मी पूर्ण सुटका मागत नाही. ज्या गल्लीतून ये-जा जास्त तिथे घरफोड्याही काही प्रमाणात जास्त, असे निष्कर्ष काही अभ्यासांतून निघाले आहेत. म्हणून दर इमारतीमागून बोळ काढायचा हट्ट नको. वाटा मोजक्या असाव्यात, सरळ असाव्यात, त्यांवर घरांच्या खिडक्या आणि दारं उघडावीत. पार्किंगच्या दोन भिंतींमधून नेलेली वाट नकाशावर आरपार दिसते, आणि अंधार पडल्यावर तिथे कोणी पाऊल टाकत नाही.

पातळीकडेही तितकंच लक्ष हवं. नकाशा सपाट असतो, जमीन नसते. खालचे मजले पार्किंगला देऊन वर तीन मीटरवर बाग आणि पदपथ करायचे, ही हल्लीची लाडकी रचना. कागदावर त्या बागेतून हिरवी ठिपक्यांची रेघ शेजारच्या रस्त्यापर्यंत जाते. प्रत्यक्षात तिथे तीन मीटरची भिंत असते. चाकाच्या खुर्चीला चालेल असा 1:12 चा उतार द्यायचा म्हटलं तर 36 मीटर लांबी लागते, मधले थांबे वेगळे. तेवढी जागा कोणी सोडत नाही, मग एक लिफ्ट बसते आणि ती बंद पडलेली असते. हॅम्बुर्गच्या जुन्या बंदराच्या जागी उभ्या राहिलेल्या हाफेनसिटी या वस्तीत पुराच्या भीतीने इमारती आणि बरेचसे रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच घेतले आहेत, पण तिथे पातळी हाच आराखड्याचा पाया होता. पाणी चढलं तरी अग्निशमनाची गाडी आणि माणसं उंच रस्त्यांवरून शहरात पोचली पाहिजेत, इथून त्यांनी सुरुवात केली. म्हणून स्थानिक संस्थेने पहिला नकाशा असा मागावा ज्यावर एकही इमारत नाही. फक्त रस्त्यांच्या रेघा, त्या हद्दीबाहेर अर्धा किलोमीटर कुठे जाऊन मिळतात ते, आणि हद्दीवरच्या प्रत्येक बिंदूला आतली व बाहेरची पातळी आकड्यात.

आता जमिनीचा प्रश्न. जागा एकाच मालकाची असेल तर रेघ मारणं सोपं. शेकडो लहान मालक आणि भाडेकरू असतील तर रेनच्या आराखड्याचं जे झालं तेच होतं, किंवा त्याहून वाईट, म्हणजे बुलडोझर. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 ला सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड दाट वस्तीतून काढले. रस्ते झाले, वारा खेळला, पण सुरुवातीच्या वर्षांत जितक्या गरिबांची घरं पडली तितक्यांची पुन्हा सोय झाली नाही आणि ती माणसं शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली. 1914 पासून दहाएक वर्षं भारतातल्या शहरांचे अहवाल लिहिणाऱ्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने याच पद्धतीवर टीका केली. तो गल्ल्यांतून स्वतः फिरायचा. कुठलं पडीक घर काढलं की वाट मोकळी होईल, कुठल्या झाडाखाली चौक आधीच आहे, हे हेरायचा आणि मोजकीच तोडफोड सुचवायचा. जुन्या वस्तीचा पुनर्विकास करताना तिथल्या वहिवाटीच्या वाटा हाच पहिला आराखडा असतो. लोक जिथून चालतात तिथे ते बहुधा सकारण चालतात.

मधला मार्ग उपलब्ध आहे आणि तो जुना आहे. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नव्या, नीट आकाराच्या भूखंडांत ज्याची त्याला परत द्यायची. जर्मनीत फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पाठपुराव्याने 1902 ला यासाठी कायदा झाला. मुंबई इलाख्यात 1915 चा नगररचना कायदा आला. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर भूजच्या तटबंदीच्या आतल्या गावात याच पद्धतीने आठ नगररचना योजना झाल्या. तिथल्या अरुंद, बंद गल्ल्या ढिगाऱ्यांनी बुजल्या होत्या, त्यामुळे रुंद आणि आरपार रस्ते का हवेत हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण कोणाची जमीन किती जाणार, हे सांगावं लागलंच. लहान भूखंडाकडून कमी आणि मोठ्याकडून जास्त, अशी चढती कपात ठरली. मला वाटतं, योजना तरली ती या चढत्या कपातीमुळे. सगळ्यांकडून सारखीच टक्केवारी घेतली असती तर लहान घरवाल्याच्या हातात खोलीभरही जमीन उरली नसती, आणि त्याने ती योजना पहिल्याच दिवशी कोर्टात नेली असती.

एवढं सगळं झालं तरी रेघ कागदावर कुजू शकते. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यात 127 वं कलम आहे. आराखड्यात राखून ठेवलेली जमीन 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन किती काळ टांगून ठेवायची? पण त्यामुळे आखलेला रस्ता पैशाच्या तरतुदीशिवाय राहिला तर तो तुकड्या-तुकड्याने गळत जातो आणि दोन टोकं बांधलेली, मधला भाग नाही, असा रस्ता उरतो.

पुनर्विकासात याचा एक खास प्रकार दिसतो. प्रकल्प टप्प्यांत होतो आणि आरपार जाणारा रस्ता नेमका शेवटच्या टप्प्यात टाकलेला असतो. पहिल्या टप्प्यात विक्रीच्या इमारती, दुसऱ्यात आणखी विक्रीच्या इमारती, आणि तिसऱ्यापर्यंत बाजार पडतो किंवा विकासक बदलतो. शेजारच्या वस्तीकडे उघडणार म्हणून दाखवलेल्या तोंडाशी पत्र्याचं कुंपण तसंच राहतं. तोवर आत राहायला आलेल्या लोकांना ते कुंपण आवडू लागलेलं असतं, आणि रस्ता उघडायला पहिला विरोध तेच करतात. यावर बँक हमी घेण्याची पद्धत आहे, पण रस्त्याच्या खर्चापेक्षा हमीची रक्कम सोडून देणं पुष्कळदा स्वस्त पडतं. ब्रिटनमध्ये 1984 च्या ग्रॅम्पियन खटल्यात वरिष्ठ सभागृहाच्या न्यायाधीशांनी नकारार्थी अट वैध ठरवली. रस्त्याबाबतचं अमुक काम झाल्याशिवाय बांधकाम सुरू करता येणार नाही, असं परवानगीतच लिहायचं. हीच अट भोगवट्यालाही लावता येते. ती पहिल्या इमारतीला लावावी, शेवटच्या नव्हे. दोन्ही हद्दींपर्यंत पोचलेला, दिवे लागलेला, संस्थेच्या नावावर झालेला रस्ता दाखवा आणि मग पहिल्या घराची किल्ली द्या.